शेवटच्या ओळीतलं नाव

हॅलो?… हॅलो… कोन बोलून राहिलं?… जरा जोरात बोल बाई, खरखर येऊन राहिली… हो, सेवकरामच. तिरोड्याहून… कोन?… अगे रश्मी! जय भीम, जय भीम. नागपुरातून बोलून राहिली का?… कालेजातून. बरं, बरं.

हो, भेटलं ना. शनिवारीच आलं तुझं पाकीट… वाचलं. म्हंजे मी नाही वाचलं, लोकेशनं वाचलं. माझा पोरगा. तू टेप घेऊन आली होती तवा तो शाळेत गेलता, मास्तर आहे ना तो… माझ्या चष्म्याची एक काच फुटली, आन तुझी अक्षरं मुंगीयेवढी. त्यानं रविवारी ओसरीत बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. पूर्ण. शब्द न् शब्द… हो, खालच्या बारीक टिपा बी. एकही सोडली नाही त्यानं, मास्तरच तो.

चांगला आहे. पेपर चांगला आहे. मेहनत दिसते… अगे नाही, नाराज कायले होऊ?… आवाज असाच आहे माझा. सहासष्ट वर्षं वापरला, आता कुठून गोड आनू.

काय पायजे?… पुस्तिकेचं साल. आन छापखाना… पान नंबर बी? कायले पायजे एवढं सगळं?… हं… हं… चौदा नंबरच्या टिपेत जागा कोरी राहिली. अपुरी टीप तुझे सर घेत नाहीत… म्हंजे जे लिवलं ते कुठून आनलं, कोनाचं आनलं, हे खाली सांगा लागते… हो, समजलं. बरा नियम आहे… हसून नाही राहिलो बाई. खरंच बरा नियम आहे.

किती वाजता?… आज? पाच वाजता छापाले जाते?… आन परवा तू तो सगळ्यांसमोर वाचनार. बरं… आता किती झाले? घड्याळ आतल्या खोलीत आहे… साडेतीन.

आहे ना, पुस्तिका समोरच आहे. तीन दिवसांपासून समोरच ठेवली… हो, घे लिवून. 'बोदलकसा भजन मंडळाची गानी'. सोळा पानं, सोळा गानी, पानाले एक. गोंदियात छापली. साल एकोनीसशे चौऱ्याहत्तर. तू दोन पानं भरून लिवलं ते धान रोवन्याचं गानं पान नंबर तीन… कव्हरवर?… हो, कव्हरवर खाली आहे. 'रचना : शाहीर सेवकराम टेंभुर्णे'. तू उलटं लिवते ना, आडनाव आधी आन नाव मागून, पोलीस ठान्यातल्यावानी… हं. टेंभुर्णे, सेवकराम. लिवलं?

थांब. रश्मी, थांब. काट ते.

काट म्हनलं ना!… साल बरोबर आहे. पान बी बरोबर आहे. नाव काट… माझं. माझं नाव काट.

हो हो… अगे ऐक ना… ऐकून तर घे. तुझं काही चुकलं नाही. ते गानं माझं नाही.

नाही, उदारामचं बी नाही. उदाराम मंडळात ढोलकी वाजवे, चांगली वाजवे, पन दोन ओळी जुळवा म्हनलं का त्याले घाम फुटे. गेला बिचारा… नाही! पारंपरिक नको लिवू! तुमाले कोनाचं नाव नाही सापडलं का तुमी 'पारंपरिक' लिवता आन मोकळे होता. गानं काय झाडाले लागते? कोनीतरी बसून रचलंच असन ना… राग नाही वं, तुझ्यावर नाही राग.

पार्वतानं रचलं ते… पार्वता. पार्वताबाई… अगे, माझी बायको! तू आली होती तवा जिनं तुले चहा देला, पोहे देले… हो, तीच. बुटकीशी. तुझ्या पेपरात नाव आहे ना तिचं. शेवटच्या पानावर, आभारात. मले पाठ झालं आता. 'चहापाण्याची व्यवस्था केल्याबद्दल सौ. पार्वताबाई यांचे आभार.'

एकच कायले? सगळी. सोळाच्या सोळा.

हॅलो?… रश्मी?… आहे ना? मले वाटलं लाइन गेली.

मस्करी? या वयात मी अशी मस्करी करीन का?… तब्येत बरी आहे माझी. एकदम बरी आहे… कोनी काही म्हनलं नाही. पार्वतानं तर नाहीच. तिनं तीस वर्षांत काही म्हनलं नाही.

हो, टेपवर आहे, मालूम आहे मले. तू मले इचारलं होतं, 'आजोबा, बाईच्या मनातलं तुमाले कसं सुचलं?' आन मी काय सांगितलं?… 'शाहिराले सगळं सुचते.' हो. तेच बोललो. दोन बोटं मिशीवर फिरवून बोललो. आन ती मागं उभी होती, कपबशा घेऊन.

तूच सांग मले. त्यात ती ओळ आहे ना, 'पदर भिजला पान्ह्यानं, चिखल भिजला घामानं'. तू त्याच्यावर केवढं लिवलं. का पुरुष असूनही शाहिरानं बाईच्या देहाचं दुखनं कसं ओळखलं… अगे बाई, मी नाही ओळखलं! मले मालूमच नव्हतं. लोकेश तवा तीन महिन्यांचा, घरी माझ्या मायपाशी. ही दिवसभर धानाच्या बांधीत वाकून रोवना करे. वर पानी, खाली चिखल, आन दूध दाटून लुगडं भिजे. रात्री तिनं ती ओळ सांगितली, मी लिवून घेऊन राहिलो होतो, आन मीच तिले इचारलं, 'असं होते का?' ती म्हने, 'तुमी लिवा ना.'

हो, मीच लिवून घेत होतो. तिले तवा लिवता येत नव्हतं. दिवसा रचे, मनातच ठेवे, संध्याकाळी भात झाला का मले म्हने, वही घ्या. मी चौथी शिकलेला, माझं अक्षर बरं… मंग शिकली ना ती. अल्काच्या पाटीवर शिकली, आमची मोठी पोरगी. त्याचंच तर ते दुसरं गानं आहे. 'पाय माझे चिखलात, जीव माझा पाटीवर, लेक माझी अक्षर काढे बांधाच्या मातीवर'… हो, ते बी तिचंच. अल्का पाच वर्षांची होती. बांधावर बसून काडीनं अक्षरं काढे, आन ही रोवता रोवता मान वर करून पाहे.

आहे, वही आहे. पन ती तर माझ्याच अक्षरातली आहे! तेच तर सांगून राहिलो तुले. वहीतलं अक्षर माझं. कव्हरवर नाव माझं. गान्याच्या शेवटच्या ओळीत नाव माझं. तुझे तिन्ही पुरावे पक्के आहेत, आन तिन्ही खोटं बोलतात.

शेवटच्या ओळीत कसं?… हं. हे तुमच्या कालेजात नाही समजनार. आमच्याकडं गानं बिननावाचं उभं नाही करत. शेवटच्या कडव्यात रचनाऱ्याचं नाव आलं पायजे, नाही तर मंडळातले म्हनत, हे कोनाचं उचलून आनलं? आता बाईनं काय कराचं? आपलं नाव भर मंडळात कसं घ्याचं? तर बायका घरच्या मानसाचं नाव घालत… हो, सगळ्याच. मंडळातल्या पुष्पाबाईच्या गान्यात तिचा नवरा केवलराम. पार्वताच्या गान्यात सेवकराम. उखान्यात नवऱ्याचं नाव घेतच होत्या, तसंच गान्यात घेतलं. गावातल्या लोकाईले मालूम राहे, का नाव याचं आहे आन गानं तिचं आहे. गावात कोनी फसत नव्हतं.

फसवलं मी. पुस्तिका छापाले गोंदियाले गेलो. छापखानेवाला हिंदीवाला, त्यानं इचारलं, 'रचना किसकी लिखूं?' मी म्हनलं, शेवटच्या ओळीत पाहून घे… बस. एवढंच बोललो. खोटं बी नाही बोललो, आन खरं बी नाही.

अज्ञान नव्हतं ते, नको वाचवू मले. मले कळत होतं. गोंदियाहून येतानी गाडीत बसून मी दहा वेळा ते कव्हर पाहिलं. शाहीर! आजपर्यंत मले कोनी शाहीर म्हनलं नव्हतं. लई बरं वाटलं. मंग लोक म्हनाले लागले. तिरोड्यात शाल पांघरवली. गोंदियात जयंतीले स्टेजवर बसवलं. मी समोर माईकवर, आन ती मागं बायकांत, टाळ घेऊन. माझा एखादा शब्द चुकला तर मागून हळूच बरोबर शब्द येई. लोक म्हनत, वा, कोरस पक्का आहे!

नाही. कधी मागितलं नाही तिनं… एकदा. एकदाच. पुस्तिका घरी आनली त्या दिवशी. तिले नवीनच वाचता येऊन राहिलं होतं. कव्हरवरून बोट फिरवलं, एक एक अक्षर जुळवलं. मंग मले म्हने, 'यात मी कुठं आहे?'

मी म्हनलं, 'आत आहेस ना, सगळीकडं.'

त्यानंतर तिनं कधी इचारलं नाही.

अं?… आताच कायले? रविवारपासून सांगतो तुले. लोकेश वाचून राहिला, ती उंबरठ्याजवळ बसून तांदूळ निवडून राहिली. ते 'पुरुष असूनही' आलं, आन तिचा हात सुपातच थांबला. मी पाहून राहिलो होतो. लोकेशले काही मालूम नाही. तो म्हने, 'बाबा, आईचं मन तुमी केवढं समजून घेतलं.' मी फुटका चष्मा पुसत राहिलो. मंग शेवटी आभार आले. तो म्हने, 'आई, तुझं बी नाव आहे हो यात!' ती हसली. म्हने, 'हो रे, चहा तर मीच केला होता.'

एवढंच बोलली. आन सूप घेऊन उठली.

तीन दिवस झाले, मले घास उतरून नाही राहिला. लाज वाटते पोरी. सरळ सांगतो, लाज वाटते. तिनं भांडण केलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

समजते… समजते ना. तुझा पेपरच त्याच्यावर उभा आहे. 'पुरुष शाहिराच्या रचनेतील स्त्रीचा आवाज'. नावच ते आहे. आता पुरुष गेला तर काय राहिलं… सहा महिन्यांची मेहनत, मालूम आहे. तू मले दोन बोल. बोल, मी ऐकून घेतो… नाही? मंग रडू नको. रडून राहिली ना? मले ऐकू येते.

अगे पन बाईचाच आवाज निघाला ना शेवटी! तुले ऐकू आला होता. तू ओळखला, का हे मानसाच्या तोंडचं नाही. कान बरोबर होता तुझा. मानूस मी चुकीचा दाखवला.

काय?… 'सेवकराम व पार्वताबाई'? नाही. दोघांचं मिळून नको. बिलकुल नको. अर्धं अर्धं नको वाटू… मी काय केलं त्यात? लिवून घेतलं. लिवून घेनाऱ्याचं नाव लावशील तर उद्या टायपिंगवाल्याचं बी लाव… हो, गायलो मी. ते वेगळं.

परवानंतर दुरुस्त करशील?… नाही बाई. एकदा छापलं का कोन दुरुस्त करते? चौऱ्याहत्तर साली मले बी वाटलं होतं, पुढच्या छपाईत घालू तिचं नाव. कुठं आली पुढची छपाई? आता तुझ्या पेपरातून दुसरा कोनी उचलन, त्याच्यातून तिसरा. सगळे खाली लिवतीन, टेंभुर्णे, सेवकराम. आन ती तिकडं चहाच करत राहीन. मी मरून जाईन, ती मरून जाईन, टीप तशीच राहीन. आजच कर.

सर इचारतीन, बरोबर आहे. लेखी तर काही नाही माझ्यापाशी… पुष्पाबाई आहे. पार्वताच्या बाजूच्याच ओळीत रोवना करे ती. पहिल्यांदा गानं तिच्याच कानावर पडे. अजून आहे, आमच्या जुन्या गावी, बोदलकशालेच राहते, कान पक्के आहेत तिचे… तोंडी चालते का?… तुमच्यात चालते? फोनवरचं बी?… सांगनाऱ्याचं नाव, तारीख, वार टाकून. हं. म्हंजे आपलं हे बोलनं बी टिपेत जाईन… जाऊ दे. त्याचसाठी तर बोलून राहिलो.

मंग घे. सावकाश सांगतो, बरोबर लिव.

मी, सेवकराम टेंभुर्णे, वय सहासष्ट, राहनार तिरोडा. आज दोन हजार चार, फेब्रुवारीची अकरा तारीख, बुधवार. फोनवरून सांगतो, का 'बोदलकसा भजन मंडळाची गानी' या पुस्तिकेवर रचनाकार म्हनून माझं नाव आहे, ते खोटं आहे. यातली सगळी गानी माझ्या बायकोनं… नाही, बायकोनं नको. काट. पार्वताबाईनं रचली. रोवन्याचं गानं तिनं एकोनीसशे बहात्तर साली, बोदलकशाच्या शिवारात…

काय?… थांब रश्मी… अवं, काय म्हनलं?… एकाहत्तर?

ती म्हनते एकाहत्तर. आतून म्हनते… बहात्तरात लोकेश चालाले लागला होता, दूध तुटलं होतं, म्हनते. मंग ती ओळ कशी येईन… हो. तिचंच बरोबर. एकाहत्तर लिव.

अवं, तू ऐकत होती?… कवापासून?

पहिल्यापासून.

काही नाही, रश्मी. ती दारात उभी आहे… हो. सगळं ऐकलं तिनं… नाही, चेहऱ्यावरून काही समजत नाही. तिच्या चेहऱ्यावरून मले कधीच समजलं नाही… काय? तिच्याशी बोलते? मूळ मानसाशीच बोलाले पायजे. हो, बरोबर आहे, मधात मी कायले? थांब.

अवं, ये. रश्मी आहे, ती टेपवाली. तुझ्याशी बोलाचं म्हनते… हात ओले आहेत तर पदराले पूस… काय सांगू म्हंजे? जे आहे ते सांग… अवं, सोळा गानी रचली तू, फोनवर दोन शब्द बोलता येत नाहीत?… मी नाही बोलत मधात. आईशपथ नाही बोलत. मी ओसरीत जातो पायजे तर… बरं, इथंच बसतो. घे. तसा नाही, उलटा धरला तू. वायर खाली. हं. आता बोल.

हॅलो?… हो बाई… हो, मी पार्वता बोलतो… येते ऐकू, सांग.

ऐकलं मी. सगळं ऐकलं… नाही वं, तू कायले माफी मागते? तुले जे सांगितलं ते तू लिवलं. तू लहान लेकरू, तुले काय मालूम… चहाचं राहू दे. ते बी खरंच आहे. पोहे तेवढे खारट झाले होते त्या दिवशी.

हो… बरोबर सांगते तो. रोवन्याचं माझंच. पाटीचं बी माझंच… कसं रचलं म्हंजे? हात चालत होते, तोंड रिकामं होतं.

वाईट?… वाटलं ना. नाही कसं वाटन? तवा लई वाटलं. मंग लेकरं, घर, काम. पन स्टेजवर तो गाये ना, तवा मी डोळे मिटून घेत होतो. मले माझंच ऐकू येई.

नाव? पार्वता… पुढं सेवकराम टेंभुर्णेच लिव. नवरा आहे तो माझा, त्याले कुठं टाकू? फक्त पार्वता आधी लिव. आडनाव-बिडनाव मागून… नियम असन तुमचा. तुझ्या सरले सांग, म्हातारी ऐकत नाही.

शेवटच्या ओळीतलं?… नाही, तिथं हात नको लावू. गानं जसं आहे तसं लिव. ते नाव बी मीच घातलं ना, माझ्या मनानं घातलं. तवा आवडत होता मले… हो, अजून बी. खाली टीप टाक, का हा रिवाज होता. ज्याले समजाचं त्याले समजन.

आन त्यानं गायलं हे लिव. आवाज चांगला होता त्याचा. रानातून गावात गानं त्यानंच नेलं, मी काय नेलं असतं?… ते खोटं नाही, ते लिव.

किती?… सोळा कोन म्हनलं? त्याले लाज आली म्हनून काही बी सांगते. थांब, मोजतो… सहावं त्याचं आहे. रेलगाडीचं. आन बारावं, बैलाचं… तुमी बोलू नका मधात, आईशपथ घेतली ना आता! तुमचंच आहे ते, मी नाही घेत. बैलाच्या गान्यात शब्द ओढून-तानून बसवले आहेत, माझं असतं तर असं नसतं झालं… हो बाई, ती दोन त्यालेच लाव.

नाही, चौदा नको लिवू. तेरा लिव.

नववं माझं नाही.

नाही, याचं बी नाही. याले मालूमच नाही, पाहा कसा पाहून राहिला… ते माझ्या मायचं. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, माती टाकाले जाये ती. मी लहान, तिच्या मागं मागं. डोईवर टोपलं आन तोंडात हे गानं. मले वाटे, सगळ्याच माया गातात. मोठी झाली तवा समजलं, का ते तिचं एकटीचं होतं.

होतं ना. तिचं नाव होतं शेवटच्या ओळीत. स्वतःचं… बाप नव्हता मले. लवकर गेला. मंग ती कोनाचं घालनार? आपलंच घाले. लोक हसत, तरी घाले.

मी काढलं ते. लगनानंतर मंडळात पहिल्यांदा मी हेच गायलं. नवीन सून, सासू समोर बसलेली. मायचं नाव कसं घेऊ म्हनलं, बायका काय म्हनतीन. मंग याचं नाव बसवलं. बसलं बी बरोबर. सगळ्याईले आवडलं… मायनं ऐकलं ना. बोदलकशाच्या जयंतीले आली होती, मांडवात बसून ऐकलं. लुगड्याच्या पदराची गाठ सोडली, मले खारका देल्या आन चोरखमाऱ्याले निघून गेली.

हा तीन दिवस जेवला नाही. मी म्हनलं, बरं झालं, जळू दे थोडं. पन रविवारपासून मले बी झोप नाही बाई. डोळे मिटले का माय मांडवात बसून दिसते.

मेली ना. अठरा वर्षं झाली… नाही, फोटो नाही. टेप कुठून असन? मीच आहे तेवढी.

लिव. भागरता… भा, ग, र, ता… आडनाव तिले कधी कोनी लावलं नाही. भागरता, चोरखमाऱ्याची. असंच लिव… ओळ सांगू? हो, मूळची. 'भागरता म्हने गडे, ही पाळ माझ्या डोईची'… हं. आन पुस्तिकेत आहे सेवकराम म्हने. यानं एक टोपलं उचललं नाही त्या पाळीवर.

हो, ही ओळ बदल. ही बदलाच लागते. आन खाली टीप टाक, का आधी इथं भागरताचं नाव होतं, ते पार्वतानं काढलं… हो, काढनारी म्हनून माझं नाव टाकून. असंच्या असं लिव… नाही बाई, नको सावरू. मी काढलं, मीच सांगून राहिलो… झालं लिवून?… वाच बरं एकदा.

हं… हं… बरोबर.

ठेवतो.